हौशीचं राखून ठेवलेलं गाणं

साखरशेतच्या हौशीला लोक विचारायचे, "काकी, तू त्या पोरांवर काय मंतर घालतेस गं? बापाचं नाव काढलं की थुंकणारी पोरं, तुझ्या मांडवातून उठली की बापाला पाणी काय देतात, तंबाखू काय मळून देतात!"

हौशी मिस्रीचं बोट दातांवरून फिरवायची आणि म्हणायची, "मंतर-बिंतर काय नाय. मी सूड घेते. त्यांना बरं वाटतं, त्याला मी काय करू?"

आणि हे ती गमतीनं म्हणत नसे.

हौशी धवलेरी होती. म्हणजे लग्न लावणारी बाई. जव्हार-मोखाड्याच्या या डोंगरात पाड्यावर भटजी कुठला यायला! लग्न लावायचं ते धवलेरीनं, देवांची नावं घेत, गाणी म्हणत. तिला एकच अट. ती सवाशीण हवी, तिचा नवरा जिवंत हवा. नवरा जवळ हवा असं कुठं म्हटलंय? हौशीचा नवरा देवराम वर्षानुवर्षं जवळ नव्हता. मोखाड्याकडच्या एका पाड्यावर दुसरीच्या घरात नांदत होता. पण जित्ता होता. त्यामुळं हौशीचं कुंकूही शाबूत होतं आणि मांडवातला धवलेरीचा पाटही.

तिची रीत अशी. लग्नाच्या तीन दिवस आधी ती नवरदेवाच्या घरी जायची आणि सगळ्यांना बाहेर हाकलायची. "जा, लाकडं फोडा, पाणी भरा. इथं काय अस्वल नाचतंय?" मग नवरदेवाला समोर बसवून स्वतः उखळात हळकुंडं कुटायला घ्यायची. त्याच्याकडं बघायची नाही. कुटता कुटता विचारायची, "बापानं काय केलं रं तुला?"

पोरगा म्हणायचा, "काय नाय."

"बरं," म्हणून ती कुटत राहायची. हळद बारीक झाली तरी कुटत राहायची. मुसळाचा आवाज चालू असला की माणसाला वाटतं, आपलं बोलणं कुणाला ऐकू जात नाही. मग तो हळूहळू बोलायला लागायचा. खाडीत रेतीसाठी बुड्या मारून आलेले, वीटभट्टीवर पाठी भाजून घेतलेले दांडगे गडी, त्या पिवळ्या धुरळ्यात नाक ओढत बापाची गाऱ्हाणी सांगायचे. हौशी हूं की चूं करायची नाही. सगळं ऐकून घ्यायची आणि घरी जाऊन त्याचं गाणं बांधायची.

लग्नाच्या दिवशी नवरदेवाच्या बापालाही हळद लागते. दोन्ही तळव्यांवर ओली हळद थापून त्याला पाटावर बसवायचं. गाणं संपेपर्यंत त्यानं उठायचं नाही की उलट शब्द बोलायचा नाही. मांडवात शिव्यांची गाणी तर सगळीकडंच असतात. विहिणीला म्हणतात, व्याह्याला म्हणतात, कुणी मनावर घेत नाही. हौशीनं ती बापाकडं वळवली, एवढंच तिचं स्वतःचं.

दाभोशाच्या जिव्याचं लग्न अठ्ठ्याण्णव साली झालं. जिव्या बारा वर्षांचा असताना वासरू हरवलं, म्हणून त्याच्या बापानं, बाबल्यानं, त्याला गोठ्याच्या खांबाला बांधला होता. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत. वासरू दुपारीच चरून परत आलं होतं. बाबल्यानं ते पाहिलं, त्याला पाणी दाखवलं आणि पोराला तसाच ठेवला. हौशीनं मांडवात सूर लावला:

"वासरू हरवलं गं, डोंगरी ते चरलं,
वासरू आलं घरी गं, पाणी पिऊन निजलं,
बारा सालाचं पोर गं, खांबाला वाळलं,
बाप बांधाय शाणा गं, सोडाया इसरला!"

बाया हसल्या, बाप्ये हसले, ढोलवालासुद्धा हसला. बाबल्याची मान जी खाली गेली ती वर येईना. जिव्या आधी मोठ्यानं हसला आणि हसता हसता रडायला लागला, चारचौघांत, बायकोच्या देखत. गाणं संपलं तेव्हा बाबल्या उठला, हळदीचे हात पोराच्या गालांवर ठेवून म्हणाला, "चुकलं रं." त्या पावसाळ्यात बापलेक एकाच खाचरात भाताची आवणी करताना लोकांनी पाहिले. हौशीला कुणी ते सांगितलं, तर म्हणाली, "करंनात! मला त्या म्हाताऱ्याची मान खाली बघायची होती, ती बघितली."

कारण कुणाचाही बाप पाटावर बसला, तरी हौशीला तिथं देवराम दिसायचा.

देवराम गेला तेव्हा त्यांचा मुलगा गोकुळ पाच वर्षांचा होता. गेला तर गेला. "मला टाकली त्याचं मला फार नाय," हौशी म्हणायची, "मी तरी कुठं कमी तोंडाची होते!" पण पुढचं तिला विसरता आलं नाही. नव्वद साली गोकुळला आश्रमशाळेत घालायचं ठरलं. फॉर्मवर बापाचा अंगठा लागतो, असं कुणी शहाण्यानं सांगितलं. मोखाड्याच्या बाजाराला टोपल्या विकायला निघालेल्या बायांबरोबर हौशीनं आठ वर्षांच्या पोराला धाडला. फॉर्म सदऱ्याच्या आत छातीशी धरून पोरगा चालत गेला. देवराम बाजारात कोंबडे विकायला बसला होता, भोवती नव्या सासरचे चार लोक. गोकुळ समोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "बा."

एकानं विचारलं, "देवराम, कुणाचा रं हा पोऱ्या?"

देवराम कोंबड्याचे पाय बांधत होता. वरही न बघता म्हणाला, "काय ठावं. मी नाय वळखत."

बाजारात काय झालं ते बरोबर गेलेल्या बायांनी येऊन हौशीला सांगितलं. शाळेच्या मास्तरांनी दुसरा फॉर्म दिला आणि त्यावर हौशीचा अंगठा चालला. तो आधीही चालला असता, पण हे सांगायला तेव्हा कुणी नव्हतं.

त्या वर्षी हौशीनं देवरामचं गाणं बांधायला घेतलं. दर वर्षी एक कडवं. जात्यावर नागली दळताना ती ते पुटपुटायची, पण कुणी जवळ आलं की गप्प. सोळा वर्षांत सोळा कडवी झाली. गोकुळचं लग्न निघेल, देवरामला बोलावणं जाईल, तो हळद लावून पाटावर बसेल, आणि मग सोळाच्या सोळा कडवी त्याच्या तोंडावर! आईनं स्वतःच्या पोराचं लग्न लावू नये असा काही नेम नव्हता. तिनं तो दिवस मनात इतक्यांदा पाहिला होता, की देवरामनं कोणत्या कडव्याला मान खाली घालायची, तेही ठरवून ठेवलं होतं.

गोकुळ शिकला, मास्तर झाला, जव्हारला खोली घेऊन राहिला. दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात त्याचं लग्न ठरलं. नवरी उज्ज्वला, जव्हारच्या एका कारकुनाची मुलगी, तीही शिक्षिका.

"मांडव साखरशेतला घालू, लगीन तूच लाव," गोकुळ म्हणाला. "पण आये, तो मांडवात नको."

"नको कसा? तो नाय तर मी गाऊ कुणाला?"

"मला त्याचं थोबाड बघायचं नाय."

हौशीनं उखळ पुढं ओढलं आणि हळकुंडं टाकली. मुसळ उचलणार, तोच गोकुळनं तिचा हात धरला. "ते दुसऱ्यांच्या पोरांना कर. मला नको." आणि उठून गेला. जगाच्या पोरांना बोलतं करणारी बाई, आणि घरचा पोर मुका! हौशी उखळाकडं बघत बसली. जाईल कुठं, नंतर समजावू, असं तिनं ठरवलं.

गोकुळच्या लग्नाला बारा दिवस उरले असताना तिला दाभोशाच्या एका मांडवाचं बोलावणं आलं. ती जाऊन पाटावर बसली, समोर हळदीचं ताट, पहिल्या गाण्याचा सूर ओठावर. तेवढ्यात कोंडी पुढं आली. ही कोंडी दहा वर्षं हौशीच्या मागं बसून गाणी शिकली होती आणि तेवढीच वर्षं तिचा डोळा हौशीच्या पाटावर होता.

"थांब हौशे," कोंडी म्हणाली. "तू नको गाऊस. तुझा नवरा गेला म्हणं?"

"कुठं गेला?"

कोंडीनं पदराखालून लग्नपत्रिका काढली. गोकुळची. तिच्या नववी शिकलेल्या लेकीनं ती सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचली: "कैलासवासी देवराम यांचे सुपुत्र चिरंजीव गोकुळ..."

क्षणभर हौशीला खरंच वाटलं, देवराम मेला. आणि पहिलं काय मनात आलं असेल? कुंकू नाही, बांगड्या नाहीत. गाणं! माझं गाणं राहिलं की! मला न सांगता, न ऐकता मेला गं मेला! मग तिच्या ध्यानात आलं की पत्रिका कुणी छापली.

"खोटं हाय," ती म्हणाली. "जित्ता हाय तो."

"छापलंय की," कोंडी म्हणाली. "आणि तुझ्याच पोरानं. छापलेलं खोटं असतं काय? पोर मास्तर हाय, त्याला बाप मेलेला कळत नाय?"

देवरामला पाहून लोकांना कैक वर्षं झाली होती. कुणी हो म्हणेना, कुणी नाही म्हणेना. त्या घरच्या नवरीच्या आईनं अवघडून हळदीचं ताट हौशीच्या पुढून उचललं आणि कोंडीपुढं ठेवलं. चौदा वर्षांत ज्या पाटावरून तिला कुणी हलवलं नव्हतं, त्यावरून हौशी उठली. कुणाला बायको मेली म्हणून कधी ढोल वाजवायचं बंद करायला लावलंय? पण बाईचा नवरा छापील मेला तरी तिचा गळा बंद.

ती तिथून जीपनं थेट जव्हारला, गोकुळच्या खोलीवर गेली. दारातूनच ओरडली, "कुणी मारला रं त्याला?"

गोकुळ वह्या तपासत होता. नाकबूल झाला नाही. "मी," म्हणाला. "छापखान्यात कागदावर लिहून दिलं तेव्हा इतकं बरं वाटलं आये, काय सांगू. त्यानं मला चार माणसांत नाय म्हटलं. मी त्याला पाचशे पत्रिकांत नाय म्हटलं. फिटलं."

"फिटलं? मुडद्या, त्याला मारायला गेलास आणि घाव घातलास माझ्यावर! आज मला मांडवातून उठवली. पाटावरून! जित्त्या नवऱ्याची रांड केलीस मला, एवढी शाळा शिकून!"

गोकुळचा चेहरा पांढराफटक पडला. धवलेरीच्या पोटी जन्मून, तिच्या गाण्यावर वाढून, बाप मारला की आईचा पाट जातो हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. हौशीला त्याची दया आली नाही. दया यायला अजून वेळ होता.

साखरशेतच्या कारभाऱ्यानं चार माणसं बसवली आणि निकाल दिला. "ज्यानं मारला त्यानंच जित्ता करायचा. देवरामला मांडवात आणा. गोकुळनं सगळ्यांसमोर म्हणावं, हा माझा बाप, जित्ता हाय. म्हटलं तर हौशीनं गावं. नाय म्हटलं तर तिथंच बांगड्या फोडायच्या आणि कोंडीनं पाटावर बसायचं."

मायलेक मोखाड्याकडं निघाले. ज्या रस्त्यानं आठ वर्षांचा पोरगा चालत गेला होता, त्याच रस्त्यानं जीप गेली. गोकुळ सगळी वाट बाहेर बघत होता.

देवराम पाड्याच्या कडेला एका झोपडीत एकटाच सापडला. दुसरी बायको दोन वर्षांपूर्वी वारली होती. गाल बसले होते, डोळ्यांत पाणी साचत होतं. पण त्यांना बघताच तोच चवताळून उठला. "पत्रिका इथवर आली! पोरं मला बघून भूत भूत करून पळतात. बाया वाट सोडून चालतात. भगतानं भूत उतरवाया घरावर तांदूळ टाकलं! मला जित्ता कर रं पोऱ्या!"

हौशीला असं हसू फुटलं की तिला कुडाला धरावं लागलं. इतकं गोड तिला किती वर्षांत काही लागलं नव्हतं. गोकुळ मात्र हसला नाही. त्यानं बापाकडं न बघता सांगितलं, "मंगळवारी मांडवात ये."

"आणि आंघोळ करून ये," हौशी म्हणाली. "भुतासारखाच दिसतोस."

मंगळवारी साखरशेतच्या मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. लग्नापेक्षा लोक मेलेला देवराम बघायला आले होते. कोंडी पुढच्याच रांगेत, नवं लुगडं नेसून. देवरामच्या तळव्यांवर ओली हळद थापली आणि त्याला पाटावर बसवला. हौशी समोर उभी. धवलेरीच्या पाटावर बसायची तिला अजून परवानगी नव्हती. तिनं हातातल्या बांगड्या पदराखाली घेतल्या.

कारभाऱ्यानं विचारलं, "गोकुळ, हा कोण?"

गोकुळनं झब्ब्याच्या खिशावर हात ठेवला. देवराम पोराच्या तोंडाकडं बघत होता, हळदीचे हात तसेच गुडघ्यांवर उपडे न करता धरलेले. हौशीला वाटलं, आता हा म्हणतो, काय ठावं, मी नाय वळखत. म्हटलं असतं तर तिला राग आला नसता. तिनंच तर त्याला जन्मभर सूड पाजला होता. पण तिचा पाट गेला असता, आणि सोळा कडवी घेऊन ती कुठं गेली असती?

"आधी त्याला विचारा," गोकुळ म्हणाला, "मी कोण ते."

हळदीत बसलेल्यानं बोलायचं नसतं. कारभारी घुटमळला. हौशी म्हणाली, "बोलू दे त्याला. गाणं अजून सुरू नाय झालं."

"गोकुळ," देवराम पुटपुटला.

"कुणाचा?"

"माझा."

"ऐकू नाय आलं. मोखाड्याच्या बाजारात ऐकू जाईल असं बोल."

"माझा पोऱ्या हाय!" देवराम ओरडला. त्याचा आवाज चिरकला. "माझा पोऱ्या, गोकुळ! मी वळखत होतो. तवाबी वळखत होतो!"

गोकुळनं झब्ब्याच्या खिशातून एक कागद काढला. घड्यांवर फाटलेला, पिवळा पडलेला. आश्रमशाळेचा फॉर्म. सोळा वर्षं तो त्यानं ट्रंकेच्या तळाशी ठेवला होता. हौशीला ठाऊकच नव्हतं. ती समजत होती की सूड राखून ठेवणारी या घरात आपण एकटीच. गोकुळ बापापुढं उकिडवा बसला, फॉर्म पाटावर ठेवला आणि बोट दाखवलं. "इथं. आंगठा लाव."

देवरामनं हळदीचा अंगठा कागदावर टेकवला. ठसा जरा फिसकटला. गोकुळ त्या पिवळ्या ठशाकडं बघत राहिला, बघत राहिला, आणि मग त्याच्या खांद्यांना हुंदके आवरेनात. उज्ज्वलेनं मुंडावळ्या बाजूला करून त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"हा देवराम," तो उठून नाक पुसत म्हणाला. "माझा बाप. जित्ता हाय. पत्रिकेत मी खोटं छापलं."

कारभाऱ्यानं मान हलवली. कोंडी तोंड वाकडं करून मागच्या रांगेत गेली. हौशी आपल्या पाटावर बसली, पदर खोचला, आणि तिनं असा सूर लावला की पलीकडच्या पाड्यावरची कुत्री भुंकायला लागली.

"मोखाड्याच्या बाजारी गं, बैल दातांनी वळखतो,
मोखाड्याच्या बाजारी गं, कोंबडा तुऱ्यानं वळखतो,
रगताचा पोऱ्या आला गं, बापूस डोळं झाकतो!

कोंबडा तू इकलास गं, लोकांनी तो खाल्ला,
पोऱ्या तू टाकलास गं, त्याचा मास्तर झाला,
आता आंगठा लावाया गं, चालत कोण आला?"

तिसऱ्या कडव्याला देवरामची मान खाली गेली. ठरवल्यापेक्षा दोन कडवी आधीच. दुसरं कडवं हौशीनं तिथल्या तिथं फिरवलं होतं, पण एकही गाळलं नाही. आजारपणाचं कडवं, उपाशी पावसाळ्याचं कडवं, पोराच्या पहिल्या पगाराच्या लुगड्याचं कडवं, सोळाच्या सोळा. मांडव हसत होता, गोकुळ रडत रडत हसत होता, आणि पाटावरच्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांतलं पाणी हळदीत टपकत होतं. सोळावं संपलं तेव्हा हौशीचा गळा बसला होता आणि छाती रिकामी झाली होती.

गाणं संपलं म्हणजे हळदीतल्याला बोलायची मुभा. देवराम हळू आवाजात म्हणाला, "ऐकलं सगळं. बराबर हाय. आता मी सुखानं मरतो."

"खबरदार!" हौशी पाटावरून ताडकन उठली. "मरतोस कुठं? पुढल्या साली माझे अकरा मांडव ठरल्यात. तू मेलास तर ती कोंडी बसंल माझ्या पाटावर! दर उन्हाळ्यात इथं येऊन दारात बसायचं, लोकांना दिसायचं. मला टाकून गेलास ना? आता जगून दाखव माझ्यासाठी."

उन्हानं देवरामचे ओठ सुकले होते. गोकुळनं कोपऱ्यातला तांब्या उचलला आणि आईला विचारलं, "पाणी देऊ त्याला?"

"दे, दे," हौशी म्हणाली. "मेला जगला पाहिजे."